मिनिएचरचे डोळे आणि बारीक नक्षी: ब्रश आणखी बारीक घ्यायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की २८ मिमीच्या, म्हणजे साधारण तेवढ्याच उंचीच्या छोट्या सैनिकांच्या मूर्तींची (फिगर्सची) एक तुकडी रंगवताय, चिलखत, झगे, चामड्याचे पट्टे असले मोठे भाग ठीक जमतायत, पण डोळ्यांवर आलं की एक तर फिगर डोळे वटारून बघते नाही तर डोळ्याच्या जागी नुसता काळा डाग पडतो, झग्याच्या काठावरची नक्षी तुटक येते, हात थरथरतो. म्हणून तुम्ही आधी ५/० चा ब्रश (शून्याआधीचा आकडा जितका मोठा तितका ब्रश बारीक) घेतलात, मग १०/० चा घेतलात, तरी काही फरक पडला नाही. आता विचारताय की याहून बारीक ब्रश कुठला, भिंग घ्यावं का, आणि ज्या फिगर्स रंगवून झाल्यात त्यांचा रंग काढून परत सुरुवात करावी का.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते. याहून बारीक ब्रश घेऊ नका, उलट १ नंबरचा चांगला घ्या. बाकीच्या दोन्हींवर येतेच, पण त्याआधी मला जे दिसतंय ते सांगते, कारण मला वाटतं तुमची अडचण ब्रशच्या जाडीची नाहीच आहे. तुम्ही असं धरून चाललाय की बारीक काम म्हणजे बारीक टोक, न हलणारा हात आणि एकदाच अचूक मारलेली रेघ. बरीच वर्षं मी हे काम करतेय आणि शिकवतेय, आणि चांगले रंगवणारे जवळून बघितले तर बारीक रेघ सहसा कोणी एका फटक्यात मारत नाही, जराशी जाड रेघ मारतात आणि मग तिच्या दोन्ही बाजूंनी शेजारचा रंग आत आणून तिला हवी तेवढी बारीक करतात. म्हणजे मारण्यापेक्षा कापणंच जास्त असतं. हे एकदा डोक्यात बसलं की हात थरथरणं हा निम्मा प्रश्न उरतच नाही, कारण रेघ चुकली तरी ती पुढच्याच पायरीत दुरुस्त होणार असते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर असतात हे खरंय. तुमच्या फिगर्स कशा घडवल्यात त्यावर बरंच आहे, काहींच्या डोळ्यांना खोबण आणि पापणीची कड नीट कोरलेली असते आणि काहींच्या चेहऱ्यावर तिथे नुसता एक फुगवटा असतो, दुसऱ्या प्रकारात कोणीही केलं तरी अवघडच जातं. १५ मिमीच्या फिगरला डोळे काढू नका असंच मी सांगेन, डोळ्यांच्या जागी गडद सावली पुरते, आणि ६ मिमीला तर चेहरा म्हणजे एक ठिपका. ७५ मिमीच्या डिस्प्ले फिगरवर बुबुळाचा रंग, त्यातली चमक, पापणीची लाली सगळं दाखवता येतं. तुमच्या २८ मिमीच्या माणसाचा डोळा साधारण एक मिलिमीटर रुंदसुद्धा नसतो, तिथे बुबुळ निळं की तपकिरी हे दिसतच नाही, म्हणून त्यासाठी जीव काढू नका. हवेचाही फरक पडतो, कोरड्या गरम खोलीत अॅक्रिलिक, म्हणजे पाण्याने पातळ होणारा रंग, ब्रशवरच वाळतो आणि दमट हवेत तोच रंग आरामात काम करू देतो. आणि या फिगर्स टेबलावर खेळायच्या आहेत की कपाटात ठेवायच्या आहेत हेही तुमचं तुम्ही ठरवा, कारण खेळायच्या असतील तर त्या हातभर अंतरावरून बघितल्या जाणार आहेत.

ब्रशचं आधी. गोल ब्रशला तीन गोष्टी असतात, टोक, पोट आणि केस धरणारी धातूची नळी म्हणजे फेरूल. रेघ किती बारीक येणार हे टोक ठरवतं, आणि रेघ किती लांब चालणार हे पोट ठरवतं, कारण रंग पोटात साठतो आणि टोकाकडे हळूहळू उतरत राहतो, फाउंटन पेनात शाई टाकीतून निबकडे येते तसं. १०/० च्या ब्रशला पोटच नाही. त्यावर घेतलेला रंगाचा कण पॅलेटपासून फिगरपर्यंत येईतो टोकाला वाळून जातो, मग तुम्ही टेकवता तर काही उमटत नाही, म्हणून जरा दाबता, दाबलं की केस पसरतात आणि डाग पडतो. तुमचा काळा डाग बहुधा इथूनच येतोय. चांगल्या १ नंबरच्या कोलिन्स्की सेबलचं, म्हणजे प्राण्याच्या खऱ्या केसांच्या ब्रशचं, टोक ओलं केल्यावर १०/० इतकंच बारीक होतं, आणि पोटात रंग असल्यामुळे ते टोक ओलं राहतं. मी स्वतः डोळे १ ने काढते आणि लांब रेघांना कधीकधी २ वापरते. ० सुद्धा चालेल, त्याखाली जायची गरज मला तरी पडत नाही.

कोलिन्स्कीच हवा का? विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ आणि राफाएलचा ८४०४ ही नावं तुम्हाला सगळीकडे ऐकू येतील आणि ते ब्रश चांगलेच आहेत, पण नावापेक्षा हातातला तो एक नग बघा. पाण्यात बुडवा, जादाचं पाणी झटकून टाका, टोक एकच यायला हवं, दोन फाटे नकोत, आणि बोटावर हलकेच वाकवून सोडलं की केस सरळ व्हायला हवेत. नायलॉनच्या ब्रशचं टोकही नवीन असताना सुरेख असतं पण काही दिवसांत ते आकड्यासारखं वळतं आणि एकदा वळलं की ते टोक बारीक कामातून गेलंच. म्हणून माझ्याकडे एक चांगला सेबल फक्त शेवटच्या बारीक कामाला असतो, रंग कालवायला, वॉश (खाचांत बसणारा पातळ गडद रंग) लावायला, ड्रायब्रशला (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच भाग घासून उजळायला) आणि मेटॅलिक रंगांना वेगळे स्वस्त ब्रश. मेटॅलिकमधले चकचकीत कण ब्रशमध्ये आणि पाण्यातही राहतात आणि नंतर चेहऱ्यावर चमकायला लागतात, त्याला पाण्याचा पेलाही वेगळा ठेवा. रंग केसांच्या अर्ध्यापेक्षा वर चढू द्यायचा नाही, फेरूलमध्ये गेला की तिथे वाळून केस कायमचे फाकतात. काम झालं की ब्रशच्या साबणाने धुवा, टोक बोटांनी वळवून आडवा वाळवा, आणि पाण्याच्या पेल्यात टोकावर उभा कधीच ठेवू नका.

आता रंग. सगळ्यात जास्त वेळ मला इथेच घालवायचाय, कारण इथेच बहुतेकांचं अडतं. "रंग पातळ करा" हे सगळे सांगतात पण किती, हे नुसतं सांगून कळत नाही, आणि एकास एक पाणी वगैरे प्रमाण मला फारसं पटत नाही कारण प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो आणि एकाच कंपनीचा पांढरा आणि तपकिरीसुद्धा वेगळे वागतात. त्यापेक्षा अंगठ्याच्या नखावर तपासायची सवय लावा. ब्रशवर रंग घ्या, टिश्यूवर टेकवा, मग नखावर एक छोटी रेघ ओढा. रेघ सुरुवातीलाच अडखळली, मध्येच तुटली किंवा कडेला दाणेदार झाली तर रंग जाड आहे. रेघेतला रंग दोन्ही बाजूंना पसरून नखाच्या कडेच्या खाचेत धावला तर एक तर रंग फार पातळ आहे किंवा ब्रशवर तो फार जास्त आहे. आणि रेघ दाब न देता सुटली, तुम्ही सोडली तिथेच राहिली, कडा स्वच्छ आल्या आणि खालचं नख अगदी जेमतेम दिसतंय, म्हणजे जमलं. नखच का, तर ते मिनिएचरसारखंच गुळगुळीत आणि वक्र असतं आणि कागदासारखं रंग शोषून घेत नाही, कागदावर जे जमतं ते प्लास्टिकवर जमेलच असं नाही.

या सगळ्यात टिश्यूवर टेकवायची जी पायरी आहे ना, ती नवीन लोक गाळतात आणि मग म्हणतात पातळ केला की रंग ओघळतो. रंग किती पातळ आहे आणि ब्रशवर किती आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ रंग भरलेला ब्रश सरळ चेहऱ्याला लावला तर केशाकर्षणाने सगळा थेंब डोळ्याच्या खोबणीत उतरणारच, त्याला दुसरं काही करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा, ब्रश पाण्यात ओला करून टिश्यूवर पुसा, मग पोटाच्या निम्म्यापर्यंत रंग घ्या, पॅलेटवर ब्रश फिरवत फिरवत मागे ओढा म्हणजे टोक वळतं, मग टिश्यूला पोटाची बाजू अगदी क्षणभर टेकवा, टोक नाही, पोट, म्हणजे जादाचा ओलावा जातो आणि टोक शाबूत राहतं, नखावर एक रेघ, आणि मग फिगर. वाचायला लांबलचक वाटतंय पण हाताला सवय झाली की काही सेकंदांचं काम आहे, आणि मी आजही प्रत्येक वेळी हे सगळं करते.

ओला पॅलेट नसेल तर आजच बनवा. झाकणाचा उथळ डबा, त्यात ओला स्पंज किंवा टिश्यूच्या घड्या, त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद, मेणाचा नको कारण त्यातून पाणी वर येत नाही. कागदावर रंग तासन्‌तास ओला राहतो. स्पंजात पाणी तुडुंब भरलं असेल तर मात्र रंग आपोआप पातळ होत जातो आणि अर्ध्या तासापूर्वी जमलेली रेघ आता का पसरतेय ते कळत नाही, म्हणून मधूनमधून नखावर तपासत राहा. कोरड्या हवेत रंगात रिटार्डरचा एखादा कण घाला, वाळायला उशीर होतो. फ्लो इम्प्रूव्हर वेगळा, तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे रंग ब्रशवरून सहज सुटतो, पण जास्त झाला तर रंग खाचांत पळायला लागतो. दोन्ही एकदम घालू नका, कशाने काय झालं ते समजणार नाही.

आणि एक, सगळे रंग सारखे झाकत नाहीत. शुद्ध पांढऱ्याने बारीक रेघ मारणं हे सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे, तो पातळ केला की खडूसारखा होतो किंवा खालचं दिसतं. पिवळा आणि लालही तसेच, अंगाने पारदर्शक. म्हणून पांढऱ्याच्या जागी आयव्हरी किंवा फिकट करडा घ्या, आणि पिवळी नक्षी काढायची असेल तर आधी फिकट तपकिरीत काढून तिच्यावर पिवळा चढवा. खूप लांब आणि अखंड रेघा हव्या असतील तर अॅक्रिलिक इंक बघा. ती मुळातच पातळ आणि तरी रंगाने दाट असते, त्यामुळे पाणी न घालता वाहते. फक्त बऱ्याच इंक चकचकीत वाळतात, ते शेवटी मॅट व्हार्निशने जातं.

हात थरथरण्याचं. सगळ्यांचा थरथरतो, आणि हवेत धरलेला हात स्थिर ठेवायचा प्रयत्न करायचाच नसतो. फिगर एखाद्या जाड दांड्यावर किंवा बाटलीच्या बुचावर चिकटवा, म्हणजे ती मुठीत धरता येते. कोपरं टेबलावर, आणि दोन्ही मनगटांच्या तळव्याकडच्या बाजू एकमेकींना टेकवा. आता थरथर झाली तरी फिगर आणि ब्रश दोन्ही एकत्रच हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. शक्य असेल तर ब्रशच्या हाताची करंगळी दांड्याला टेकवा. हालचाल बोटांची, मनगटाची नाही. रेघ आपल्याकडे ओढा, ढकलू नका, आणि दिशा बदलायची असेल तर हात वाकडा करू नका, फिगर फिरवा, उलटी करायला लागली तरी चालेल. प्रत्येकाची एक दिशा असते ज्यात रेघ सगळ्यात सरळ येते, माझी वरून खाली आणि किंचित डावीकडे, तुमची शोधा आणि नेहमी फिगरच त्या दिशेला आणा. श्वास रोखून धरण्याऐवजी सोडता सोडता रेघ ओढा. थकला असाल किंवा नुकतंच काही जड उचललं असेल तर त्या दिवशी बूट रंगवा, डोळे नको.

भिंगाचं. घ्या, पण आधी उजेड बघा. एकाच बाजूने येणाऱ्या दिव्याने ब्रशची सावली नेमकी टोकाच्या जागी पडते, म्हणून दोन बाजूंनी दोन दिवे, ५००० ते ६५०० केल्विनमधले, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारे, आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असला तर उत्तम. बऱ्याच लोकांना एवढ्यानेच भिंगाची गरज वाटेनाशी होते. तरी लागलंच तर डोक्यावर घालायचं घ्या, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघता येतं आणि खोलीचा अंदाज राहतो. पॉवर पावणेदोन ते अडीच पट पुरे. पॉवर वाढली की फिगर डोळ्यांच्या जास्त जवळ धरावी लागते, दोन पटीला साधारण १० इंच आणि अडीच पटीला ८ इंच, आणि जास्तच जवळ आलं की कोपरं टेबलावर टेकवायला जागा राहत नाही, म्हणजे वर सांगितलेला आधारच गेला. भिंगातून दिसणारा प्रत्येक दोष दुरुस्त करायला जाऊ नका, मधूनमधून ते वर करून फिगर हातभर लांब धरा, तिथून जे दिसत नाही ते सोडून द्या.

आता डोळे. मी डोळे चेहऱ्याच्या सुरुवातीला करते, त्वचेचा मूळ रंग आणि सावली झाली की लगेच, हायलाइटच्या, म्हणजे उंच भाग उजळायच्या आधी. कारण डोळे करताना आजूबाजूला रंग सांडणारच आहे आणि तो झाकायला त्वचेचा रंग लागणारच आहे, मग आधी गाल उजळून काय उपयोग. पहिल्यांदा पूर्ण खोबण गडद तपकिरीने भरा, काळ्याने नको, काळ्याने काजळ ओतल्यासारखं दिसतं. नीटनेटकं भरायची गरज नाही. मग आयव्हरीने त्या गडद भागाच्या आत एक आडवी बदामी रेघ, वर आणि खाली तपकिरीची किंचित कड राहील अशी, ती कड म्हणजे पापण्या. इथे ब्रशचं टोक सरळ उभं न टेकवता जरासं तिरपं ठेवून बाजू टेकवली की डोळ्याच्या फुगीर भागालाच रंग लागतो आणि खोबणीत जात नाही, चांगल्या कोरलेल्या फिगरवर हे अर्धं काम आपोआप होतं. कड खाल्ली गेली तर परत तपकिरी घ्या आणि कापा.

मग बाहुली, आणि वटारलेले डोळे इथेच होतात. लोक मधोमध एक ठिपका देतात. ठिपक्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे पांढरं दिसलं की तो माणूस घाबरलेला किंवा वेडा वाटतो, कारण खऱ्या माणसाच्या शांत डोळ्यात वरची पापणी बुबुळावर थोडी आलेली असते आणि खालची त्याला टेकलेली असते. म्हणून ठिपका देऊ नका, उभी रेघ ओढा, वरच्या पापणीतून सुरू करून खालच्या पापणीत संपवा. बाहेर गेली तरी चालेल, मुद्दामच बाहेर जाऊ द्या. मध्ये जी राहील तीच बाहुली, दोन्ही बाजूंना एकेक पांढरा त्रिकोण. रेघ जाड झाली तर आयव्हरीने बाजूने कापा. मग त्वचेचा रंग घेऊन वर भुवईच्या हाडाखाली आणि खाली गालाकडून आत या आणि जे काही सांडलंय ते झाकत झाकत डोळ्याचा आकार लहान करा. डोळा खरा इथे तयार होतो, या शेवटच्या त्वचेच्या रेघांत. बघाल तर आधीच्या सगळ्या पायऱ्यांत अचूकपणा फार लागलाच नाही.

दोन डोळे एका दिशेला बघायला हवेत, त्यासाठी अवघड वाटणारा डोळा आधी करा. उजव्या हाताने रंगवणाऱ्यांना बहुतेकदा फिगरचा एक डोळा नाकाआड येतो, तो आधी, मग दुसरा त्याच्याशी जुळवा, उलटं केलं तर सोपा डोळा पुन्हा पुसावा लागतो. सरळ समोर बघणारे डोळे जुळवणं सगळ्यात कठीण, जरासे बाजूला बघणारे सोपे आणि चेहऱ्यात जीवही येतो, फिगरचं शस्त्र किंवा डोकं ज्या बाजूला वळलंय तिकडे बघू द्या. आणि ओरडणारा, भुवया आवळलेला चेहरा असेल तर डोळे नुसते एक बारीक आयव्हरी फट आणि तीत एक रेघ एवढंच ठेवा. हेल्मेटातून दिसणाऱ्या डोळ्यांना तर मी बऱ्याचदा फक्त सावली ठेवते.

बारीक टोकाच्या पेनाने बाहुली काढायची का, हेही लोक विचारतात. ०.२० मिमीचं ००५ नंबरचं पिगमेंट पेन चालतं, पण रंग पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर निब रंग खरवडते आणि तिच्यात कण अडकून ती बंद पडते. शिवाय त्यावर स्प्रे व्हार्निश मारल्यावर काही शाया फुटतात, आधी जुन्या फिगरवर करून बघा.

झग्याच्या काठाची नक्षी. समजा लाल झग्यावर पिवळसर नागमोडी पट्टी हवीय. थेट नागमोड काढायला गेलात की पहिली तीन वळणं मोठी आणि शेवटची दोन कोंबलेली येतात. आधी काठापासून सारख्या अंतरावर दोन रेघा, वरची आणि खालची, झग्याच्या गडद सावलीच्या रंगात आणि अगदी पातळ, म्हणजे चुकली तरी दिसत नाही. मग वरच्या रेघेवर ठिपके, आधी पहिला आणि शेवटचा, मग त्यांच्या मध्ये एक, मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्ये एक, असं निम्मं निम्मं करत गेलं की अंतर सारखं राहतं. खालच्या रेघेवर ठिपके वरच्यांच्या बरोबर मध्ये. आता ठिपके तिरक्या छोट्या रेघांनी जोडा. झग्याला घड्या असतील तर अंतर घडीच्या पृष्ठभागावरून मोजा, समोरून दिसतं तसं नाही, घडीच्या आत नक्षी चालू राहिली पाहिजे. तिरक्या रेघा जोडून झाल्या की ती पट्टी जाडसर आणि ओबडधोबड दिसेल. इथे थांबून वैतागू नका, लाल घ्या आणि नागमोडीच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन बाहेरून कापा. कोपरे धारदार कापण्यानेच होतात, ब्रश वळवून धारदार कोपरा कधीच येत नाही. यासाठी झग्याचा नेमका तोच लाल हाताशी हवा, म्हणून तुम्ही मिसळून बनवलेले रंग ओल्या पॅलेटवर राखून ठेवा, किंवा ज्या भागावर नक्षी येणार तो बाटलीतल्या सरळ रंगानेच करा. झग्याची सावली आणि हायलाइट आधीच झाली असेल तर नक्षीलाही घडीच्या खोलगट भागात गडद आणि उंच भागात उजळ करावं लागतं, नाहीतर ती कापडावर विणलेली न वाटता वर चिकटवलेली वाटते.

भीती वाटत असेल तर नक्षीच्या आधी झग्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. त्यावर काढलेली रेघ चुकली तर स्वच्छ ओल्या ब्रशने पहिल्या काही सेकंदांत ती पुसून निघते आणि खालच्या लालला धक्का लागत नाही. मी नवीन शिकणाऱ्यांना हे हमखास करायला लावते, चूक पुसता येते हे माहीत असलं की हात मोकळा होतो. झाल्यावर सगळ्यावर मॅट.

कडांच्या हायलाइटबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की तिथे टोक वापरू नका. चिलखताच्या कडेला ब्रशची बाजू साधारण ४५ अंशात टेकवा आणि कडेवरून सरकवा, कडच रेघ सरळ ठेवते. आणि दोन भागांच्या मधली गडद रेघ, म्हणजे पट्टा आणि झगा यांच्यातली, ही डोळ्यांपेक्षाही जास्त उपयोगाची आहे. गडद तपकिरी किंवा गडद निळा पातळ करून खाचेत सोडा, जादाची ओली कड स्वच्छ ब्रशने टिपून घ्या. हातभर अंतरावरून फिगर नीटस दिसते ती या रेघांमुळे. तुमच्या तुकडीत वेळ कमी असेल तर दर फिगरला सगळ्यात महत्त्वाची ही, मग चेहऱ्याची सावली आणि उजळ नाक-गाल, आणि डोळे वेळ उरला तरच. नक्षी फक्त नायकाला काढा आणि तिथे मनसोक्त वेळ द्या.

आता रंगवून झालेल्या फिगर्सचं. फक्त डोळे बिघडले असतील तर रंग काढू नका, त्वचेच्या रंगाने खोबण पातळ झाकून घ्या आणि वर लिहिलंय तसं तपकिरीपासून सुरू करा. पण उजेडात तिरप्या धरून बघा, जर रंगाचे थर जाड होऊन पापणीची कड, बोटांमधल्या फटी, पट्ट्याची बक्कल बुजली असेल तर त्यावर कितीही बारीक काम करा, ते बसणार नाही, अशा फिगर्स मात्र साफ करा. प्लास्टिक आणि धातूच्या फिगरला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, त्यात बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा, खिडकी उघडी, हातात मोजे, जवळपास ज्योत नको. रेझिनची असेल तर आधी बेसच्या खालच्या बाजूला थोडंसं लावून तपासा, काही रेझिन मऊ पडतात. अॅसिटोन प्लास्टिकच्या जवळही नेऊ नका, फिगरच विरघळते. आणि सगळ्या एकदम साफ करायला घेऊ नका, ज्याचा चेहरा तुम्हाला सगळ्यात नीट कोरलेला वाटतो असा एकच सैनिक घ्या, १ नंबरचा ब्रश घ्या, आणि त्याच्या डोळ्यांवर वरचं सगळं करून बघा. तरी रेघ अडखळत असेल तर नखावरच्या रेघेचा आणि डोळ्याचा असे दोन फोटो टाका, रंग जाड आहे की ब्रशवर जास्त येतोय हे त्यावरून सांगता येईल.